वाडीच्या चर्चला कुलूप

आमच्या मालकाला पाळकाच्या कामावरून काढलं, पगार बंद केला, अन् आता त्यांना परभणीत तोंड दाखवायला जागा उरली न्हाई, असं जे कुणी सांगत फिरायलेत ना, त्यांना माझा सलाम सांगा. काढलं ते खरं. पगार बंद हाय तेबी खरं. तोंडाचं मात्र साफ खोटं. परवाच मी परभणीच्या बाजारातून अस्तर अन् शिलाईचा दोरा घेऊन आले, चांगली मान वर करून आले. आमी चोरी केली न्हाई, कुणाचं लुबाडलं न्हाई. मग मान खाली कशापायी घालायची? काय झालं ते मीच सांगते. दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं की त्यात मीठमसाला पडतो.

मी सुकेशनी. माझे मालक आश्रुबा, पालमच्या पलीकडं आमची वाडी हाय, तिथले पाळक. पाळक म्हणजे आमच्या ख्रिस्ती लोकांचे धर्मगुरू, अन् मंडळी म्हणजे चर्चची माणसं. आता मंडळी म्हणलं की तुमच्या डोळ्यापुढं बाकडी, घंटा, पांढरे झगे येत असतील. आमच्या इथं तसलं काई न्हाई. पत्र्याची एक लांब खोली, खाली सतरंज्या, एक ढोलकी, एक टाळांची जोडी, अन् मागच्या अंगाला आमचा दोन खोल्यांचा संसार. मी परभणीची. नळाच्या पाण्यावर वाढलेली पोरगी. लग्न ठरलं तवा आई म्हणली, 'पाळकाच्या घरी जायलीस, मान राहील.' मान राहिला, खोटं कशाला बोलू. पाणी मात्र हापशावरून आणावं लागलं.

आमचे हे कोपीत जन्मले. ऊस तोडायला गेलेली माणसं फडाजवळ पाचटाची खोपटं घालतात, त्याला कोपी म्हणतात. सासूबाईंनी सकाळपर्यंत ऊस तोडला, दुपारी हे झाले, अन् तिसऱ्या दिवशी तिच्या डोक्यावर मोळी. असं ते घर. ह्यांची शाळा म्हणजे दसऱ्यापर्यंत वाडीत अन् पुढं फडात. एका म्हाताऱ्या पाळकानं ह्यांना परभणीच्या बोर्डिंगात ठेवून घेतलं म्हणून दहावी झाली. पुढं बायबल शाळा केली. तिथल्या मोठ्या माणसांनी विचारलं, कुठं काम करशील? हे म्हणले, वाडीला. लोक हसले म्हणे. शिकून सवरून परत तिथंच जाणारा हाच एक शहाणा!

एक गोष्ट मात्र राहिली. ह्यांना दीक्षा न्हाई. दीक्षा झालेला पाळक म्हणजे रेव्हरंड. प्रभुभोजनाची भाकर अन् प्याला आशीर्वाद देऊन वाटायचा हक्क त्याचाच. दीक्षेला कॉलेजची पदवी लागते, ती ह्यांनी कुठून आणायची? म्हणून उपदेश ह्यांनी करायचा, आजाऱ्यापाशी ह्यांनी बसायचं, मयतीला खड्डा ह्यांनी खांदायचा, अन् प्रभुभोजनासाठी परभणीच्या साहेबाच्या गाडीची वाट बघायची. साहेब आला तर आला.

आमच्या घरी कधी कोण येईल ह्याचा नेम न्हाई. रेशनला अंगठा उमटंना, बोलवा पाळकाला. नवरा-बायकोचं वाजलं, बोलवा पाळकाला. शेजारच्या कुसुमबाईची म्हैस पान्हा चोरायली तर तिनंबी ह्यांनाच बोलावलं. कुसुमबाई आमच्यातली न्हाई बरं का, चांगली तुळशीला पाणी घालणारी, घरची शेती असलेली बाई. ह्यांनी म्हशीच्या कपाळावर हात ठेवला, डोळे मिटले अन् प्रार्थना केली. मी कुडाआडून हसून बेजार. म्हैस दुसऱ्या दिवशी दूध द्यायली. प्रार्थनेनं का सरकीच्या पेंडीनं, ते देवाला ठाऊक. कुसुमबाई मात्र तवापासून आमचीच झाली.

आता मुद्द्याचं ऐका. आमची सगळी मंडळी ऊसतोडीची. दसरा झाला की मुकादम भगवानराव ट्रक घेऊन येतो अन् आमची घरंच्या घरं उचलून नेतो. कुणी कोल्हापूरकडं, कुणी कर्नाटकात. पट्टा पडला, म्हणजे कारखाना बंद झाला, की मगच माणसं परत. अन् नाताळ कवा असतो? पंचवीस डिसेंबरला. तवा आमच्या मंडळीतलं वाडीत राहतंय कोण? एखादं म्हातारं माणूस, कुत्री अन् आमी.

लग्नानंतरचा माझा पहिला नाताळ अजून आठवतो. मी हौसेनं करंज्या केल्या, कागदाची फुलं केली, नवं लुगडं नेसले. उपासनेला माणसं किती? मी अन् धुरपताबाई. धुरपताबाई म्हणजे आमच्या मंडळीतली सगळ्यात म्हातारी बाई, जन्मभर ऊस तोडून कंबर वाकली म्हणून मागं राहिलेली. आमच्या ह्यांनी आमा दोघींपुढं उभं राहून पूर्ण उपदेश केला. एक वाक्य कमी केलं न्हाई! अन् मी खाली बसून रडायले. रडून झालं की मला राग आला. घरात आल्यावर मी म्हणले, 'आवो, माणसं गेल्यावर सण करायचा म्हणजे वरातीमागून घोडं. माणसं हायत तवाच करू की.' हे म्हणले, 'दसऱ्याला नाताळ?' मी म्हणले, 'मग काय झालं? देवाचा जन्म झाल्याचा आनंदच करायचा ना? का कॅलेंडर बघून आनंद व्हतो तुमाला?'

ह्यांनी चार दिवस विचार केला. हा माणूस भाजीला मीठ घालायचं तरी विचार करून घालतो. मग म्हणले, 'करू.' तवापासून आमच्या वाडीत ट्रक यायच्या आधीच्या रविवारी नाताळ असतो. बांबूवर चांदणी चढती, ढोलकी वाजती, पोरं मेंढपाळ होतात, अख्ख्या वाडीला चिवडा अन् लाडू. गावातली टवाळ माणसं म्हणायची, 'काय ओ पाळक, तुमच्या देवाला जलमायची लय घाई झालती का?' हे हसून म्हणायचे, 'काय करता, त्याला बी टोळीबरोबर जायचं असतं.' अन् खरंच, आमची माणसं ट्रकमध्ये चढताना त्याच सणाचं गाणं म्हणत चढायची. ट्रक दिसेनासा होईस्तोवर मी हात हलवत उभी राहायचे.

पंधरा वर्षं हे असं चाललं. कुणाच्या पोटात दुखलं न्हाई. मागच्या साली कुण्या हौशी पोरानं व्हिडिओ काढला अन् फोनवर टाकला. ऑक्टोबरच्या उन्हात नाताळची गाणी! तो व्हिडिओ फिरत फिरत पोचला परभणीला, रेव्हरंड जीवनसाहेबापाशी. हे आमच्या जिल्ह्याचे नवे अधीक्षक. कोट, चष्मा, गोड बोलणं. लगेच आमच्या ह्यांना बोलावणं आलं. मी म्हणले, मीबी येते. पोरगी अर्पिता दहावीला हाय, तिला डबा करून दिला अन् आमी एसटीत बसलो.

साहेब खुर्चीतून म्हणाले, "आश्रुबा, हे काय चालवलंय? सगळं जग पंचवीस डिसेंबरला नाताळ करतं."

हे म्हणले, "साहेब, सगळं जग ऊस तोडायला जात न्हाई."

"म्हणजे सणाची तारीख आता तू ठरवणार?"

"न्हाई साहेब. मुकादम ठरवतो."

मला हसू आवरंना, मी पदर तोंडाला लावला. साहेबांना काई हसू आलं न्हाई. त्यांनी सांगितलं, पाळक कमी, मंडळ्या जास्त. ज्या मंडळीत नाताळला उपासनेला माणूस नसतं ती मंडळी मेलेली समजायची. पंचवीस डिसेंबरला मी स्वतः येणार. चर्च रिकामं दिसलं तर वाडीचं काम बंद, इमारतीला कुलूप, अन् आश्रुबानं परभणीला मदतनीस म्हणून यायचं.

खरं सांगू? बाहेर आल्यावर मला आनंद व्हायला पाहिजे होता. पंधरा वर्षं मी ह्यांच्या कानाशी भुणभुण केली, परभणीला चला, परभणीला चला. अन् आता साहेब आपण होऊन न्यायलाय! पण आमचे हे एसटीच्या फाट्यावर अशे बसले, जणू घरातलं माणूस गेलंय. म्हणले, 'माणसं मेलेली न्हाईत, सुकेशनी. फडात हायत.' एवढंच बोलले. तेवढ्यानं माझं टाळकं फिरलं. मनात म्हणलं, थांब साहेबा. तुला माणसंच बघायचीत ना? दाखवते की माणसं.

मी गेले कुसुमबाईकडं. सगळं सांगितलं. ती शेंगा निवडायलती, हात थांबला न्हाई तिचा. म्हणली, "किती बाया पाहिजेत?"

"खोली भरंल इतक्या."

"कापूस वेचायचा खाडा व्हईल. पण देवाचं काम हाय. आणते. फक्त आमाला कवा उठायचं, कवा बसायचं ते सांग. तुमच्यात नमस्कार कसा करतात?"

नाताळच्या सकाळी कुसुमबाई बाया घेऊन आली. डोक्यावर पदर, अंगावर ठेवणीतली लुगडी, काखेत लेकरं. एकीनं तर नारळ आणलेला, तो मी घाईघाईनं पिठाच्या डब्यात लपवला. आमच्या ह्यांना मी काई सांगितलं नव्हतं. ते दारात आले, भरलेली खोली बघितली अन् माझ्याकडं बघितलं.

"सुकेशनी, हे काय?"

"लोक उपासनेला आलेत. हाकलून देऊ?"

आता देवाच्या दारात आलेल्या माणसाला हाकलायचं ह्यांच्या रक्तात न्हाई. मला ते पक्कं माहीत होतं, म्हणून तर तसं बोलले. ते आत गेले. कपाळावर आठ्या, हातात बायबल. तेवढ्यात साहेबांची पांढरी गाडी आली.

साहेब आत आले अन् खूश झाले हो! खोली गच्च. पोरं चिडीचूप. अर्पितानं गाणं धरलं, बाया मागून टाळ्या वाजवायल्या, ठेका अगदी भजनाचा, पण साहेबांना वाटलं गावाकडची पद्धत. उपदेश झाला. एकेक गोष्ट अशी सुरळीत चाललेली की मी मनातल्या मनात म्हणले, झाकली मूठ सव्वा लाखाची. आता हा माणूस चहा पिऊन गाडीत बसला की सुटलो.

तर साहेबांनी पिशवी उघडली. पांढरं कापड काढलं, परभणीच्या बेकरीतली पावाची लादी काढली, द्राक्षाच्या रसाची बाटली काढली. प्रभुभोजन! सगळं ठरवलं होतं मी, कवा उठायचं, कवा बसायचं, पण हे डोक्यातच आलं न्हाई. बाप्तिस्मा झालेल्या माणसानंच ती भाकर घ्यायची असती. आमचे हे पुढं होऊन हळू म्हणले, "साहेब, आज प्रभुभोजन नको." साहेब म्हणाले, "का नको? नाताळ आहे, मंडळी हजर आहे." अन् आशीर्वाद देऊन भाकरीचे तुकडे वाटायला निघाले.

पहिली कुसुमबाई. तिनं तुकडा घेतला, कपाळाला लावला, तोंडात टाकला. अन् लगेच दुसरा हात पुढं. "अजून एक द्या साहेब, घरी म्हातारी पडून हाय. तिला न्यायचाय." परसाद मागतात तसा मागितला. साहेब कौतुकानं म्हणाले, "आजारी माणसाची आठवण ठेवलीत, छान." अन् दिला तुकडा. कुसुमबाईनं तो पदराच्या टोकाला बांधला.

मग रस आला. लहान लहान पेले ताटात, ताट आमच्या ह्यांच्या हातात. कुसुमबाईनं पेला उचलला, उजव्या हाताची ओंजळ केली, रस तळहातावर ओतला, तीर्थासारखा पिला, अन् ओला हात डोक्यावरून फिरवला. तिच्या शेजारणीनं तसंच केलं. तिच्या शेजारणीनंबी. सगळ्या रांगेनं ओल्या हातानं आपापला भांग पुसला.

"आश्रुबा," साहेबांचा आवाज बदलला. "या बायकांचे बाप्तिस्मे झालेत?"

मी ह्यांच्याकडं बघितलं. डोळ्यानं विनवलं, हात जोडायचे तेवढे राहिले. एक 'हो' म्हणा. एकच. चर्च वाचतंय.

"न्हाई साहेब," हे म्हणले. "एकीचाबी न्हाई."

घ्या! हात दाखवून अवलक्षण! असा राग आला मला त्या माणसाचा की काय सांगू. पण त्यांनी पुढं सांगितलं, शांतपणानं, ताट तसंच हातात धरून. "ह्या आमच्या शेजारणी हायत. माझी मंडळी फडात गेली की तिच्या शेरड्या ह्याच राखतात, तिच्या म्हाताऱ्यांना ह्याच बघतात. आज त्या चर्च वाचवायला आल्यात. माझ्या घरातूनच बोलावलंय त्यांना. दोष माझा."

दोष ह्यांचा! मी उभी राहिले अन् म्हणले, "साहेब, मी बोलावलं. ह्यांना माहीतबी नव्हतं."

साहेबांचा आवाज चढला. पवित्र भोजनाचा खेळ केला म्हणाले. देवाची फसवणूक म्हणाले. अन् ड्रायव्हरला हाक मारली, "ते कुलूप आण." ड्रायव्हरनं कुलूप आणलं, नवंकोरं, खोक्यासकट. तवा माझ्या ध्यानात आलं. म्हणजे हे बाबा नाताळच्या उपासनेला येतानाच कुलूप विकत घेऊन आले होते! अन् देवाची फसवणूक म्हणे आमी केली.

कुलूप हातात आल्यावर साहेबांचा आवाज परत गोड झाला. मला म्हणाले, "भगिनी सुकेशनी, तुम्ही तरी शहाण्या आहात. परभणीत दोन खोल्यांचं क्वार्टर आहे, चोवीस तास नळ आहे. मुलीचं कॉलेज आहे पुढं. यांना समजवा."

नळ म्हणले अन् मला हापशावरच्या खेपा आठवल्या. का आठवू नयेत? माझे हात बघा एकदा. पण मी म्हणले, "साहेब, परभणीला जायची हौस मला ह्यांच्यापेक्षा जास्त हाय. अजूनबी हाय. पण पट्टा पडल्यावर आमची माणसं परत येतात ना, ती घरी जायच्या आधी इथं येतात. ट्रकमधून उतरून सरळ इथं. कुणाचं बोट तुटलेलं असतंय, कुणी लेकरू तिकडंच पुरून आलेलं असतंय. ते इथं येऊन मोठ्यानं रडतात, मग घरचं दार उघडतात. त्यांना मी कुलूप दाखवू? नळ तुमालाच लखलाभ. आमी येत न्हाई."

"मग मी कुलूप लावतो," साहेब म्हणाले. "सगळ्यांनी बाहेर व्हा."

कुणी हललं न्हाई. मागून राजेश्री बोलली, कुसुमबाईच्या भावकीतली, एरवी शब्द न काढणारी. "साहेब, लावायचं तर बाहेरून लावा. आमी आतच बसतोत." अन् तिनं लेकरू मांडीवर घेऊन पाजायला सुरुवात केली. दुसरी म्हणली, "वाडी आमची, अन् कुलूप परभणीचं? असं कुठं असतंय काय?" बाया हसायल्या. पोरं हसायली. साहेब कुलूप हातात धरून दारात उभे. माणसं आत ठेवून कुलूप कसं लावणार? चांगलीच जिरली!

मग त्यांनी पांढरं कापड आवरायला घेतलं. भाकरीचे उरलेले तुकडे आवरता आवरता त्यांना आठवलं. "ती पहिली बाई कुठे गेली? पदरात भाकर बांधलेली?"

कुसुमबाई नव्हती. ह्या सगळ्या गोंधळात ती कवाच निसटली होती. अन् गेली कुठं ते मला अन् आमच्या ह्यांना एकदमच कळलं. घरची म्हातारी म्हणजे तिची सासू नव्हे, तिला जाऊन किती सालं झाली. म्हातारी म्हणजे धुरपताबाई! दिवाळीच्या आधी पडली, कमरेचं हाड मोडलं, तवापासून खाटेवर. मुलगा भारत अन् सून दैवशाला टोळीत गेलेले. आमचं घर सोडलं तर वाडीत उरलेला बाप्तिस्म्याचा एकुलता एक माणूस, अन् तोच उपासनेला येऊ शकत न्हाई. म्हातारीनं ह्यांच्यामागं धोशा लावला होता, 'आश्रुबा, मरायच्या आत प्रभूची भाकर खाऊ घाल रे.' हे साहेबांना फोन करून थकले. साहेबांना सवड नव्हती.

हे तरातरा निघाले, मागं साहेब, मागं मी. धुरपताबाईचं घर म्हणजे एकच खोली, खिडकी न्हाई, उजेड यायचा तो दारातून. कुसुमबाई खाटेपाशी बसलेली. म्हातारी डोळे मिटून तोंड हलवायलती. दात न्हाईत, तिला वेळ लागतो. आवाजानं तिनं डोळे उघडले.

"सलाम साहेब," ती म्हणली. "लय उशीर केलात. भाकर पोचली बगा."

साहेब दारात अवघडून उभे राहिले. म्हणाले, "आजी, ती भाकर चालत नाही. बाप्तिस्मा नसलेल्या बाईच्या हातची आहे."

"अगं माय!" म्हातारी म्हणली. "मग दिवाळीपास्नं मी तिच्याच हातची खायले की."

कुसुमबाई पदरानं डोळे पुसायली. म्हातारीनं तोंडातलं गिळलं अन् आमच्या ह्यांच्याकडं बघितलं. "आश्रुबा, प्याला राहिला रे."

हे साहेबांकडं वळले. "साहेब, बाटली पिशवीत हाय. घोटभर द्या."

"जिथे फसवणूक झाली तिथे मी प्याला देणार नाही."

आमचे हे तसेच उभे राहिले. मला वाटलं, आता हा माणूस मान खाली घालून बाहेर पडणार. पंधरा वर्षं कुठल्याबी साहेबापुढं ह्यांचा आवाज चढलेला मी ऐकला न्हाई. ते खाली बसले. चुलीजवळचा डबा उघडला, त्यातून गुळाचा खडा काढला, बत्त्यानं फोडला. माठातलं पाणी स्टीलच्या पेल्यात घेतलं, गूळ टाकला अन् बोटानं ढवळायला लागले. काय करायलेत ते कळायला मला जरा वेळ लागला. कळलं तवा मी पदर डोक्यावर घेतला. आयुष्यभर ऊस तोडलेली ती बाई. तिच्या घरात दुसरं काय सापडणार होतं?

ह्यांनी पेला दोन्ही हातांत धरला, डोळे मिटले अन् आशीर्वादाचे शब्द म्हणायला सुरुवात केली. रेव्हरंडानंच म्हणायचे ते शब्द. एकबी अडखळले न्हाईत. इतकी वर्षं दुसऱ्याच्या तोंडून ऐकून पाठ झालेले.

"आश्रुबा!" साहेब ओरडले. "दीक्षा नाही तुझी! तो पेला तिच्या तोंडाला लावलास, तर या क्षणापासून तू पाळक नाहीस. ऐकलंस का? पाळक नाहीस!"

हे उठले. म्हातारीच्या मानेखाली एक हात घातला, तिला उचलून बसती केली. पेला तिच्या ओठापाशी नेला, अन् थांबले. अंधार होता. साहेबांनी सगळं दार भरून टाकलं होतं.

"साहेब," हे म्हणले, "जरा सरका. उजेड अडवायलात."

अन् साहेब सरकले.